वाटण्यांतून उभे राहिलेले राजवाडे

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा एक डोंगराळ, वनश्रीने नटलेला प्रांत आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सोळा हजार चौरस किलोमीटर. पश्चिमेकडील आयझेनाखहून आगगाडीत बसलेला प्रवासी गोथा, एरफुर्ट, वायमार ही गावे मागे टाकीत अर्ध्या दिवसाच्या आत पूर्वेकडील आल्टेनबुर्गला पोहोचतो. या वाटेवरचे एरफुर्ट सोडले, तर उरलेली चारही गावे कधी ना कधी स्वतंत्र संस्थानांच्या राजधान्या होती. वर राजाचा वाडा आणि खाली बाजारचौकात नागरिकांचे नगरगृह, ही या प्रांतातील गावांची जुनी ठेवण. संस्थानी शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या वाचकांना ती परकी वाटू नये.

पहिल्या महायुद्धापर्यंत या प्रांतात आठ संस्थाने नांदत होती. त्यांपैकी रॉइस घराण्याच्या थोरल्या शाखेचे संस्थान अवघे ३१७ चौरस किलोमीटरांचे होते आणि तेथील प्रजा पाऊण लाखाच्या आतच होती. या घराण्यातील प्रत्येक पुरुषाचे नाव हाइनरिश असावे असा कुळाचार होता. त्यामुळे माणसे नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखावी लागत. अशा चिमुकल्या राज्यांच्या पसाऱ्यासाठी जर्मन भाषेत कुचेष्टेचा एक स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. या पसाऱ्यामुळे देश दुबळा राहिला, हा इतिहासकारांचा आक्षेप खोटा नव्हे. तथापि एवढ्याशा मुलखात इतके राजवाडे, ग्रंथालये आणि नाट्यगृहे दाटीने उभी राहिली तीही त्याच पसाऱ्यातून. ती कशी उभी राहिली आणि राजे गेल्यावर कोणाची झाली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

दोन भाऊ

कथेचा आरंभ आल्टेनबुर्गच्या गढीपासून करणे सोयीचे. उंच खडकावरील या वाड्यात सॅक्सनीचा इलेक्टर फ्रीड्रिश याचे दोन पुत्र राहत होते : चौदा वर्षांचा एर्न्स्ट आणि अकरा वर्षांचा आल्ब्रेख्ट. फ्रीड्रिशचे स्वतःच्या सख्ख्या भावाशी राज्याच्या वाटणीवरून १४४६ ते १४५१ अशी पाच वर्षे युद्ध झाले होते. त्या युद्धात फ्रीड्रिशच्या बाजूने लढलेला कुंत्स फॉन काउफुंगेन हा सरदार शत्रूच्या हाती सापडला व पदरचे पैसे भरून सुटला. ती भरपाई धन्याकडून मिळेना, तेव्हा संतापलेल्या कुंत्सने ७ जुलै १४५५ च्या रात्री दोराच्या शिड्या लावून वाड्यात प्रवेश केला व दोन्ही राजपुत्रांना पळवून नेले. बेत फसला. आठवड्याच्या आतच मुले सुखरूप परतली आणि कुंत्सचा फ्रायबेर्गच्या बाजारचौकात शिरच्छेद झाला.

एका रात्री एकाच वाड्यातून पळवले गेलेले हे दोघे भाऊ पुढे अनेक वर्षे एकत्र राज्य करीत होते. अखेर १४८५ मध्ये लाइपझिग येथे त्यांची वाटणी झाली. तिकडच्या रिवाजाप्रमाणे थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने त्यांतला एक उचलायचा. आल्ब्रेख्टने माइसेनचा वाटा उचलला. एर्न्स्टकडे व्हिटेनबेर्गसह इलेक्टरपद आणि थुरिंगियाचा बराचसा मुलूख राहिला. पुढे १५४७ च्या युद्धात एर्न्स्टच्या नातवाने सम्राटाविरुद्ध शस्त्र धरले व तो हरला. इलेक्टरपद व व्हिटेनबेर्ग धाकट्या शाखेकडे गेले. थोरल्या शाखेला मुख्यतः थुरिंगियातील मुलखावर समाधान मानावे लागले आणि मग त्या उरलेल्या मुलखाच्याही वाटण्या सुरू झाल्या.

भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावयास नको. तिचा एक परिणाम मात्र सहसा ध्यानात येत नाही. प्रत्येक नव्या वाट्याला एक नवी राजधानी लागते आणि प्रत्येक राजधानीला एक राजवाडा लागतो.

गोथा : शांतीचा खडक

गोथा येथे पूर्वी ग्रिमेनश्टाइन नावाचा भक्कम किल्ला होता. १५६७ मध्ये एका बंडखोर सरदाराला आश्रय दिल्याच्या कारणावरून सम्राटाच्या आज्ञेने या किल्ल्यास वेढा पडला. वेढ्याचे नेतृत्व धाकट्या शाखेतील भाऊबंदाकडेच होते. किल्ला जमीनदोस्त झाला, बंडखोराला गोथाच्या बाजारचौकात देहान्त शासन झाले आणि त्याला आसरा देणारा ड्यूक अठ्ठावीस वर्षांनी कैदेतच वारला.

त्या पडक्या टेकडीवर १६४३ मध्ये ड्यूक एर्न्स्टने नव्या वाड्याचा पाया घातला. प्रजा त्याला ‘धर्मशील’ म्हणे. तीस वर्षांचे युद्ध तेव्हा संपले नव्हते. खेडी ओस पडली होती, शेते पडीक होती. अशा काळात त्याने आपल्या वाड्याला फ्रीडेनश्टाइन, म्हणजे ‘शांतीचा खडक’, असे नाव दिले. दरवाजावर शांती आणि न्याय या दोन देवता परस्परांचे चुंबन घेत आहेत असे शिल्प बसवले आणि शांती पोसते, कलह गिळून टाकतो, अशा अर्थाचा लेख खाली कोरवला. कलहापायीच ज्या जागी पूर्वजांचा किल्ला गेला, तेथे हे शब्द शोभेचे म्हणून कोरले नसावेत.

या वाड्यात केवळ दरबार नव्हता. कचेऱ्या, टांकसाळ, शस्त्रागार, प्रार्थनामंदिर आणि १६४७ मध्ये स्थापन झालेले ग्रंथालय, सारे एकाच छपराखाली होते. युद्धात खचलेल्या राज्यात मुलामुलींनी शाळेत गेलेच पाहिजे, असा दंडक एर्न्स्टने घातला आणि १६४२ मध्ये शाळांसाठी एक पद्धतशीर नियमावली छापून घेतली. पुढच्या ड्यूकांनी ग्रंथालय वाढवीत नेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेट्सन नावाच्या प्रवाशाने पूर्वेकडील देशांतून पाठवलेल्या ग्रंथांमुळे तेथे अरबी, फारसी व तुर्की हस्तलिखितांचा संग्रह जमला. आज त्याची संख्या तीन हजारांहून अधिक आहे.

एर्न्स्ट १६७५ मध्ये वारला. त्याच्या मागे सात पुत्र होते. १६८० मध्ये राज्याचे सात वाटे झाले : गोथा, कोबुर्ग, मायनिंगेन, रोमहिल्ड, आयझेनबेर्ग, हिल्डबुर्गहाउझेन आणि झालफेल्ड. बापाने महत्प्रयासाने सावरलेल्या राज्यावर सात दरबारांचा भार पडला. आयझेनबेर्गच्या ड्यूकने सोने करण्याच्या किमयेपायी खजिना रिता केला व तो निपुत्रिक वारला. जी घराणी अशी निर्वंश झाली त्यांच्या वारशावरून उरलेल्या भावांत व पुतण्यांत अनेक वर्षे तंटे चालले.

तरीही याच वाटण्यांतून निघालेल्या गोष्टी पाहा. गोथाच्या थोरल्या भावाने वाड्याच्या एका बुरुजात १६८० च्या दशकात नाट्यगृह उभारले. रंगमंचाखाली माणसांनी दोर ओढताच पडदे व देखावे क्षणार्धात बदलणारी तेथील लाकडी यंत्रणा आजही चालते. १७७५ पासून कोनराड एखोफ या थोर नटाच्या हाताखाली तेथे पगारी नटांची कायमची मंडळी राहिली. मायनिंगेनच्या वाट्यातून पुढे गेओर्ग दुसरा हा नाट्यवेडा ड्यूक निपजला. त्याची नाटकमंडळी १८७४ ते १८९० या काळात युरोपभर फिरली व शिस्तबद्ध समूहदृश्यांचा नवा आदर्श घालून आली. मॉस्कोत तिचे प्रयोग पाहून तरुण स्तानिस्लाव्हस्की प्रभावित झाला. ब्राम्सची चौथी सिंफनी प्रथम वाजली तीही याच आडगावात, २५ ऑक्टोबर १८८५ रोजी. कोबुर्गच्या वाट्यातला आल्बर्ट हा राजपुत्र तर व्हिक्टोरिया राणीचा पती झाला. ‘कैसर-इ-हिंद’ म्हणून जिची नाणी आपल्या पणजोबांच्या हातांत खेळली, तिचे सासर ते हे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली लंडनवर बाँब टाकणारी जर्मन विमाने गोथाच्या कारखान्यातली होती आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या राजघराण्याने सॅक्स-कोबुर्ग-गोथा हे आपले नाव टाकून विंडसर हे नाव घेतले.

सैन्याच्या बळावर मोठे होणे या संस्थानिकांना शक्य नव्हते. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यापुढे गोथाच्या पलटणीची काय कथा? मग भावाभावांतील चुरस ग्रंथ, वाद्यवृंद आणि रंगभूमी यांच्या मार्गाने वाहू लागली. शेजारच्या चुलतभावाकडे चांगला वादक आहे, तर आपल्याकडे त्याहून चांगला हवा, अशी ती ईर्ष्या होती.

वायमार : दरबाराची दोन रूपे

वायमारचे नाव घेतले की महाकवी गटे आठवतो. परंतु या दरबाराची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. योहान सेबास्टियन बाख येथे १७०८ पासून चाकरीस होता. १७१७ मध्ये त्याला दुसरीकडे बढतीची जागा मिळाली व त्याने निरोप मागितला. ड्यूकला तो आग्रह उद्धटपणाचा वाटला. ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर अशी जवळजवळ चार आठवडे त्या संगीतकाराला कैद भोगावी लागली आणि मगच चाकरीतून काढून टाकण्यात आले. याच ड्यूकच्या पुतण्याने, एर्न्स्ट आउगुस्टने, बेल्वेदेरसारखे रम्य प्रासाद व शिकारखाने बांधून त्या लहानग्या राज्याचे दिवाळे काढले. प्रजेने राज्यकारभाराची चर्चा केल्यास सहा महिने तुरुंगवास मिळेल, असे फर्मानही १७३६ मध्ये त्याच्या नावे निघाले. बेल्वेदेरच्या बागेत फिरताना हे दोन्ही स्मरावे.

या एर्न्स्ट आउगुस्टची सून म्हणजे आना अमालिया. १७५८ मध्ये ती विधवा झाली तेव्हा अठरा वर्षांची होती; एक मूल कडेवर, दुसरे पोटात. मुलगा वयात येईपर्यंत, म्हणजे १७७५ पर्यंत, तिने राज्याचा कारभार पाहिला. १७६६ मध्ये तिने दरबारी ग्रंथसंग्रह एका जुन्या वाड्यात हलवला, त्यातील दिवाणखान्यात पांढऱ्या-सोनेरी सजावटीचे ग्रंथालय घडवले आणि ते वाचकांना खुले केले. १७७२ मध्ये व्हीलांट या साहित्यिकाला मुलाचा शिक्षक म्हणून आणले. मुलाने गादीवर येताच गटेला बोलावले. हेर्डर आला, शेवटी शिलरही आला. सहा हजार वस्तीच्या गावात चार मोठे लेखक नांदू लागले. १७९१ मध्ये फोर्स्टरने कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा जर्मन अनुवाद केला, तेव्हा त्याचे सर्वांत उत्कट स्वागत याच गावातून झाले. ‘शाकुंतला’ची गटेने केलेली स्तुती आपल्याकडे तर घरोघर सांगितली जाते.

वायमारचा मुख्य राजवाडा १७७४ मध्ये आगीत जळाला होता. तो पुन्हा उभारण्याच्या समितीत खुद्द गटे होता. काम १८०३ पर्यंत चालले. एवढ्याशा राज्याला घर बांधावयास तीस वर्षे लागली.

बाजारचौकातील घर

राजवाड्यांच्या वर्णनात नगरगृहे विसरली जातात. जर्मन भाषेत त्यांना ‘राटहाउस’ म्हणतात : ‘राट’ म्हणजे नगराचे मंडळ आणि त्याचे हे घर. आल्टेनबुर्गचे नगरगृह १५६१ ते १५६४ या काळात निकोलाउस ग्रोमान या दरबारी स्थपतीनेच उभारले. ड्यूकचा स्थपती, पण पैसा व अभिमान नागरिकांचा.

मात्र नगरगृहाचा खरा अर्थ समजावून घ्यावयाचा तर म्यूलहाउझेनला जावे. हे शहर संस्थानिकांचे नव्हते. ते थेट सम्राटाच्या आधिपत्याखालील मुक्त नगर होते आणि मधला एक खंड सोडला तर १८०२ पर्यंत तसेच राहिले. तेथील नगरगृहाचा जुना भाग सन १३०० च्या सुमाराचा. १५२५ च्या मार्चमध्ये, शेतकऱ्यांच्या उठावाच्या धामधुमीत, नागरिकांनी जुने मंडळ हटवून या वास्तूत ‘शाश्वत मंडळ’ स्थापले. त्यामागे टोमास म्युंत्सर आणि हाइनरिश फायफर या दोन धर्मोपदेशकांची प्रेरणा होती. ते शाश्वत मंडळ दोन-अडीच महिनेच टिकले. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेन येथे राजांच्या फौजांनी हजारो शेतकरी कापून काढले. त्या राजांत आल्टेनबुर्गहून पळवल्या गेलेल्या आल्ब्रेख्टचा पुत्र गेओर्ग हाही होता. २७ मे रोजी म्युंत्सर व फायफर यांचा म्यूलहाउझेनबाहेर शिरच्छेद झाला. नगराने दंड भरला आणि तेवीस वर्षे आपले स्वातंत्र्य गमावले.

याच नगरात बाखने वायमारच्या आधी एक वर्ष काढले. ४ फेब्रुवारी १७०८ रोजी नव्या मंडळाच्या पदग्रहणासाठी त्याने एक भव्य गानरचना सादर केली आणि मंडळाने ती स्वखर्चाने छापून घेतली. बाखच्या या प्रकारच्या ज्या थोड्या रचना त्याच्या हयातीत छापल्या गेल्या, त्यांतील ही एक होय. नगरगृहाने त्याची रचना छापली आणि राजवाड्याने त्याला कैदेत टाकले. एवढ्यावरून एकाला चांगले व दुसऱ्याला वाईट ठरवणे रास्त नव्हे, कारण पगार वायमारनेच अधिक दिला होता आणि त्या पगारासाठीच बाख तिकडे गेला होता. तथापि चाकर आणि नागरिक यांच्यातला भेद त्यातून दिसल्यावाचून राहत नाही.

राजे गेल्यानंतर

१९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील सिंहासने एकामागून एक कोसळली. श्वार्त्सबुर्ग घराण्याचा ग्युंटर व्हिक्टर याने २५ नोव्हेंबर रोजी झोंडर्सहाउझेनची गादी सोडली. पदत्याग करणाऱ्या अखेरच्या जर्मन राजांपैकी तो एक. पुढील वर्षी नव्या प्रजासत्ताकाची घटना वायमारच्या नाट्यगृहात संमत झाली आणि ११ ऑगस्ट १९१९ रोजी राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी तीवर सही केली ती श्वार्त्सबुर्ग या खेड्यात, कारण ते तेथे विश्रांतीसाठी उतरले होते. १ मे १९२० रोजी जुनी संस्थाने एकत्र होऊन थुरिंगिया राज्य झाले. कोबुर्गच्या जनतेने मात्र मतदान करून बव्हेरियाची वाट धरली.

श्वार्त्सबुर्गच्या राजवाड्याची कथा येथे सांगितली पाहिजे. पदत्यागानंतर तेथे राहण्याचा हक्क राजकुटुंबाकडे होता. १९४० मध्ये नाझी सरकारने राजाच्या वृद्ध विधवेला बाहेर काढले आणि वाड्याचे सरकारी अतिथिगृह करण्यासाठी पाडकाम आरंभले. १९४२ मध्ये काम थांबले. आठशे वर्षांच्या घराण्याचा मूळ वाडा ना राजाचा राहिला, ना प्रजेचा. उरले ते खिंडार. वायमारजवळच्या एटर्सबेर्ग टेकडीच्या एका उतारावर आना अमालियाचा उन्हाळी वाडा होता. त्याच टेकडीवर १९३७ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली व तेथे सुमारे छप्पन्न हजार माणसे मेली. ग्रंथालये आणि नाट्यगृहे माणसाला सुसंस्कृत करतातच असे म्हणणाऱ्याने ही टेकडी पाहून यावी.

युद्धानंतर प्रांत पूर्व जर्मनीत गेला. कित्येक वाडे शाळा, वृद्धाश्रम, कचेऱ्या झाले, कित्येक पडले. गोथाचे ग्रंथ व चित्रे सोव्हिएत संघात नेण्यात आली आणि १९५० च्या दशकात बव्हंशी परत आली. १९७९ च्या डिसेंबरात एका रात्री फ्रीडेनश्टाइनमधून पाच अमूल्य चित्रे चोरीस गेली. ती चाळीस वर्षांनी, २०१९-२० मध्ये, पुन्हा त्याच वाड्यात आली. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९४ मध्ये राज्याने राजवाडे व उद्याने यांच्यासाठी एक सार्वजनिक न्यास स्थापला. त्याची कचेरी रुडोलश्टाटच्या हायडेक्सबुर्ग या राजवाड्यात आहे.

सारेच वाडे अशा छत्राखाली आले नाहीत. गोथाच्या ड्यूकांचा राइनहार्ड्सब्रुन हा वाडा १८४५ मध्ये व्हिक्टोरिया व आल्बर्ट यांच्या मुक्कामाने गाजला होता. एकीकरणानंतर तो खासगी मालकांच्या हातांतून फिरत राहिला. छप्परे गळू लागली, चीजवस्तू नाहीशा झाल्या. अखेर २०१८ मध्ये राज्य सरकारने कायद्याने तो काढून घेतला. केवळ वास्तुरक्षणासाठी एखादा राजवाडा सरकारजमा होण्याची जर्मनीतील ही पहिलीच वेळ मानली जाते.

आणि सरकारी मालकी असली म्हणजे सारे निर्धास्त होते असेही नाही. २ सप्टेंबर २००४ च्या रात्री आना अमालियाच्या ग्रंथालयाला आग लागली. ग्रंथ नव्या तळघरात हलवण्याचे काम अवघ्या काही आठवड्यांवर आले होते. पन्नास हजार ग्रंथ भस्मसात झाले, बासष्ट हजारांना आग व पाणी यांची झळ पोहोचली. त्या रात्री गावकऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी हातांची साखळी करून हजारो ग्रंथ बाहेर काढले. २४ ऑक्टोबर २००७ रोजी, म्हणजे आना अमालियाच्या जन्मदिनी, ग्रंथालयाचे दार पुन्हा उघडले. होरपळलेली पाने जोडण्याचे काम पुढेही कित्येक वर्षे चालले.

ज्यांचे पूर्वज त्या वाड्यात पायऱ्यांच्या खालीच थांबत असतील, ती माणसे त्या रात्री ग्रंथ छातीशी धरून बाहेर पडत होती. वाडा कोणाचा झाला, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही. एर्न्स्टच्या सात पुत्रांनी राज्य वाटून घेतले; त्या वाट्यांच्या सीमा आता नकाशावर राहिल्या नाहीत. पण ग्रंथालय, नाट्यगृह, नगरगृह यांची वाटणी कोणी केली नाही, आणि म्हणूनच ती सर्वांच्या वाट्याला आली. फ्रीडेनश्टाइनच्या दरवाजावर त्या दोन देवता अजून उभ्या आहेत. खालचा लेख सतराव्या शतकातील जर्मन भाषेत असला, तरी त्याचा अर्थ समजण्यास कोणाला दुभाष्याची गरज पडू नये.